दोन गोण्यांच्या आत

वडगाव निंबाळकरात अल्ताफ तांबोळीचं वजन ही त्याची खासगी बाब कधीच नव्हती. त्याचं कृषी सेवा केंद्र ऐन रस्त्यावर आणि दुकानाच्या दारातच थैल्या मोजायचा मोठा काटा. रविवारी सकाळी शटर वर गेलं की अल्ताफ चपला काढून आधी त्या काट्यावर चढायचा. तेवढ्यात समोरच्या हॉटेलातली चार माणसं हातातले कप घेऊन रस्ता ओलांडून यायची.

"किती भरलं, भाई?"

"एकशे चौदा." लपवून उपयोग नव्हता. काट्याचे आकडे लाल होते आणि चांगले बोटभर उंच होते. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतूनही वाचता आले असते.

"म्हंजी युरियाच्या दोन गोण्या, अन् वर चोवीस किलो," संघपाल जाहीर करायचा. संघपाल हे दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दीड एकरात टोमॅटो-काकडी करायचा आणि उरलेला वेळ अल्ताफच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर घालवायचा.

गोण्यांचा हिशेब उगाच नव्हता. युरियाची गोणी पंचेचाळीस किलोची. दोन गोण्या म्हणजे नव्वद. आणि पुण्याच्या डॉक्टरांनी अल्ताफला नेमका तोच आकडा दिला होता. बाकी सगळं जुळत होतं. रक्त जुळत होतं, नातं सख्खं होतं, साखर नव्हती, किडन्या दोन्ही झकास होत्या. फक्त माणूस फार होता. "नव्वदच्या आत या," डॉक्टर म्हणाले, "मग बहिणीला किडनी द्यायचं ठरवू. या वजनावर टेबलावर घेणं तुमच्या जिवाला बरं नाही."

म्हणून सगळं गाव दोन गोण्यांकडं डोळे लावून बसलं होतं.

बहीण म्हणजे शहाजादी आपा. पळसदेवला दिलेली. तिचे मालक खाजा दाजी उजनीच्या पाण्यावर मासळी घेऊन बाजारात धाडायचे. दोन वर्षांपूर्वी आपाच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा दाजी तिला गाडीत घालून बारामतीला आणायचे, चार तास मशीनला जोडायचे आणि परत न्यायचे. उशाला अथांग पाणी पसरलेलं गाव, आणि आपाला दिवसाला पाणी मिळायचं एक छोटी बाटली. ती बाटली ती सकाळी भरून ओट्यावर ठेवायची आणि दिवसभर तिच्याकडं असं बघायची, जसं एखादी सासू नव्या सुनेकडं बघते.

आता अल्ताफ एवढा फुगला कसा, याचं उत्तरही आपापाशीच संपायचं. आई गेली तेव्हा अल्ताफ तीन वर्षांचा आणि आपा चौदाची. अब्बा आठवडी बाजारात बियाणं विकायचे. आज सुपे, उद्या बारामती, परवा अजून कुठं. आपानं नववीतून शाळा सोडली आणि अल्ताफला हातात घेतलं. पोरका भाऊ वाळला तर लोक नाव ठेवतील, या एकाच भीतीनं तिनं त्याला जेवू घातलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या की तिसरी ताटात यायची. तिसरी संपली की "वाळलास रं" म्हणून चौथी. पुरे हा शब्द आपाच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. त्याची दहावी होईपर्यंत तिनं लग्नाची बोलणी लांबवली, मग त्याला शेतकीच्या पदविकेला घातलं आणि त्यानंतरच मेंदीला हात पुढं केला. दुकान निघालं तेव्हा अल्ताफनं पाटी रंगवून घेतली: 'शहाजादी कृषी सेवा केंद्र.' परवान्याच्या कचेरीतल्या साहेबानं विचारलं, "शहाजादी म्हणजे मिसेस का?" अल्ताफ म्हणाला, "न्हाय साहेब. मालक."

तर हिशेब असा होता की आपानं एकेक घास घालून चढवलेलं वजन आपासाठीच उतरवायचं होतं.

पहिले चार महिने अल्ताफनं चालून बघितलं. रोज पहाटे कालव्याच्या कडेनं पाच किलोमीटर. चालून आला की भूक अशी लागायची, की वजनात अर्ध्या किलोची भर पडायची. शेवटी बारामतीच्या एका डॉक्टरीण बाईंनी त्याला इंजेक्शन सुरू केलं. दिसायला जाडसर पेन, टोपण निळं. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीत टोचायचं. सुई केसाएवढी. पण अल्ताफ पहिल्या वेळी असा ओरडला, की बायको सबिना शेजारणीला सांगून आली, "काय न्हाय झालं, डोस घेतलाय."

आणि इंजेक्शननं काम केलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा अल्ताफला अर्ध्या भाकरीवर पोट भरल्याची बातमी मिळाली. लग्नाच्या पंगतीत त्यानं दुसऱ्या वाढपाला हात आडवा केला, तेव्हा वाढपी घाबरून नवरीच्या बापाला बोलवायला गेला. दिवाळी झाली, थंडी सरली. काटा एकशे दहा, एकशे सहा करत एकशे एकवर आला. हॉटेलातली माणसं पैजा लावायला लागली.

आपाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. तिला किडनी घ्यायला राजी करण्यातच तीन महिने गेले होते आणि राजी होतानाही तिनं बजावलं होतं, "माज्यापायी सवताला कसली औषधं मारून घेतलीस, तर मशीनवर मरीन पण तुजं काय घेणार न्हाय." त्यामुळं तिला एवढंच सांगितलेलं, की अल्ताफ चालायला जातो. भाऊ दिसामाशी उतरतोय हे ती बघत होती आणि तिनं त्याचा अर्थ लावला: पोरगं माझ्या काळजीनं झुरतंय. उपाय तिला एकच ठाऊक होता. दर गुरुवारी डायलिसिसला येताना ती चार खणांचा डबा आणायला लागली. तळलेली चिलापी मासळी, खिमा, ज्वारीच्या भाकरी, वर डाळगोश्त. हाताला नळ्या लावलेल्या अवस्थेत खाटेवरून विचारायची, "गेल्या येळचा संपला का रं?"

"चाटून पुसून, आपा," अल्ताफ सांगायचा. आणि ते खरंच होतं. कुणी चाटला, एवढंच तिनं विचारलं नव्हतं.

मग काटा अडकला. एकशे एक. पुढच्या रविवारी एकशे एक. रमजान आला, रोजे झाले, ईदला आपानं शिरखुर्म्याची किटली धाडली. अल्ताफनं मोजून तीन चमचे घेतले आणि रविवारी काट्यावर चढला तर पुन्हा एकशे एक.

"काटा बिघडला आसंल," हॉटेलवाला म्हणाला. संघपालनं लगेच युरियाची गोणी टाकून बघितली. काटा ठणठणीत होता.

डॉक्टरीण बाईंनी वजनाचा तक्ता बघितला आणि म्हणाल्या, "या औषधानं जेवढं करायचं तेवढं केलं. असं होतं कधी कधी. आपण दुसरं घेऊ." दुसरं पेन राखाडी होतं. बाईंनी समजावलं: निळं बंद. पुढच्या रविवारी निळ्याच्या जागी राखाडी, सगळ्यात लहान डोसपासून. महिनाभर तोच, मग गरज बघून एक पायरी वर. घाई करायची नाही. बाईंच्या हाताखालची नर्स प्रियदर्शनी, म्हणजे संघपालचीच लेक. तिनं तेच परत एकदा कागदावर लिहून दिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

अल्ताफनं मान डोलावली. कागद शर्टाच्या खिशात ठेवला. घरी येऊन राखाडी पेन फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात ठेवायला गेला, तर तिथं निळं पेन होतंच. त्यात दोन डोस शिल्लक होते.

"हे टाकायचं न्हवं आता?" सबिनानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे," अल्ताफ म्हणाला.

इथं अल्ताफच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं त्याचं वागणं येडेपणाचं वाटेल. ते तसं होतंच, पण त्याला परंपरा होती. फवारणी झाली की पंपाच्या तळाशी दोन-तीन लिटर औषध उरतं. ते ओतून टाकायला शेतकऱ्याचा हात होत नाही. तो फिरून पहिल्या सरीवर तेच परत मारतो, किंवा उद्याच्या दुसऱ्या औषधात मिसळून टाकतो. आणि मग पानं करपली की करपलेलं पान पिशवीत घालून अल्ताफच्या काउंटरवर आणून आपटतो. वीस वर्षं अल्ताफ या एकाच गोष्टीवर घसा कोरडा करत आला होता. मागच्याच उन्हाळ्यात संघपालनं बुरशीच्या औषधात अळीचं उरलेलं औषध घातलं आणि अर्धा एकर काकडी तीन दिवसांत तपकिरी केली. तेव्हा अल्ताफनं त्याला गिऱ्हाइकांसमोर असा झापला होता, की संघपाल आठवडाभर खुर्चीवर फिरकला नव्हता. त्या दिवशीच अल्ताफनं पुठ्ठ्यावर लाल स्केचपेननं पाटी लिहून काउंटरच्या वर टांगली: 'दोन औषधे एकत्र करण्याआधी विचारा. उरले म्हणून मारू नका.'

त्याच पाटीखाली बसून अल्ताफनं विचार केला. निळं थकलंय, पण मेलेलं नाही. राखाडी ताकदीचं आहे, पण अजून लहान डोसवर. पुण्याला वजन दाखवायची तारीख मेच्या अखेरीला. अकरा किलो उतरायचेत. आपाच्या हातावरची डायलिसिसची शीर एकदा बंद पडून झालेली, दुसऱ्यांदा पडली तर काय, हे डॉक्टर स्पष्ट बोलत नव्हते. मग दोन डोस वाया का घालवायचे? रविवारी उरलेलं निळं, बुधवारी राखाडी. दोघांनी मिळून खेचलं, तर तारखेच्या आत दोन गोण्या.

त्यानं कुणाला विचारलं नाही.

पहिल्या आठवड्यात काटा पावणेतीन किलोनं खाली आला. हॉटेलवाल्यानं फुकट चहा दिला, तो अल्ताफला वासानंच नकोसा झाला. दुसऱ्या आठवड्यात पाणीसुद्धा पोटात थांबेना. एप्रिलचं ऊन, दुकानावर पत्रा, आत औषधांचा वास. दोन दिवस तो मागच्या मोरीत जाऊन ओकत होता आणि काउंटरवर येऊन शेतकऱ्यांना डोस सांगत होता. शुक्रवारी दुपारी संघपाल आला, तर खुर्चीवर कुणी नाही, काउंटरवर कुणी नाही. अल्ताफ मागं युरियाच्या दोन गोण्यांवर आडवा पडला होता. ओठ पांढरे, डोळे अर्धे उघडे.

संघपालनं त्याला स्वतःच्या छोटा हत्ती टेंपोत काकडीच्या क्रेटांशेजारी झोपवला आणि बारामतीपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

सलाईन लागलं. प्रियदर्शनीनं नाडी बघत विचारलं, "काका, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं?"

"बुधवारी."

"बुधवारी? तुमचा वार रविवार आहे ना?"

"पंखा जरा वाढव की," अल्ताफ छताकडं बघत म्हणाला.

"काका."

"रविवारी पण घेतलं."

"कुठलं?"

"निळं," अल्ताफ म्हणाला. मग अपराध जरा कमी व्हावा म्हणून पुढं म्हणाला, "उरलं होतं."

प्रियदर्शनीनं डोळे मिटून घेतले. ती संघपालची लेक होती. उरलेल्या औषधाचं तिला नव्यानं काही सांगायचं नव्हतं. तिनं फक्त विचारलं, "किती वेळा?" आणि अल्ताफनं दोन बोटं वर केली. दरवाजात तिचा बाप वाट बघत उभा होता. त्यालाही तिनं कारण सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "पोटात पाणी टिकत नव्हतं, म्हणून चक्कर आली." या एका गोष्टीसाठी अल्ताफ तिचे आजही आभार मानतो.

संध्याकाळी रक्ताचा कागद आला. दोन वर्षं आपाचे कागद वाचून अल्ताफला सगळं वाचता यायचं. त्याचं स्वतःचं क्रिएटिनिन नेहमी पॉइंट नऊ असायचं; ते तो लोकांना परीक्षेचे मार्क सांगावेत तसं सांगायचा. कागदावर एक पॉइंट नऊ होतं, आणि हा आकडा चढणं म्हणजे किडनीचं काम उतरणं.

"बाई," त्यानं डॉक्टरीण बाईंना विचारलं, "किडनी गेली का?"

"तुमच्या जिवाचं विचारा आधी."

"जीव हितंच हाय. किडनीचं सांगा."

बाईंनी खुर्ची ओढली. "पाणी कमी पडलं म्हणून किडन्या दमल्यात. बहुतेक पूर्ववत होतील. पण तोवर पुण्याला मी कळवणार, की दाता तूर्त थांबलाय. निदान तीन महिने रिपोर्ट नीट आले, तरच पुढं."

तूर्त आणि बहुतेक. हे दोन शब्द घेऊन अल्ताफ रात्रभर जागा राहिला. आपाचा हक्काचा माल आपल्या ताब्यात होता आणि तो आपण वापरायच्या आधी नासवला, असं त्याला वाटत राहिलं. त्यात एकदाही त्याच्या मनात आलं नाही की हा माल त्याचाही आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार, आपाचा डायलिसिसचा वार. अल्ताफकडून सगळं काढून घेऊन सबिनानं दाजींना फोन केला होता, आणि दाजींच्या पोटात गोष्ट राहणं अवघडच. दुपारी मशीनवरून सुटल्यावर आपा हातावरच्या पट्टीवर बोट दाबून धरत, दाजींचा खांदा धरून अल्ताफच्या खोलीत आली. कोपऱ्यात सबिना होती, खिडकीशी संघपाल. आपा खाटेच्या कडेला टेकली.

"सबिनानं सगळं सांगितलंय," ती म्हणाली. "आता तू सांग. दुकानात काउंटरवर ती पाटी हाय, ती कुणी लिहिलीया?"

"कुठली?"

"लाल अक्षराची."

"...मी."

"काय लिहिलंय त्याच्यावर?"

"आपा, जाऊ दे की."

"वाच."

एक्केचाळीस वर्षांच्या माणसानं हाताला सलाईन लावलेल्या अवस्थेत पाढे म्हटल्यासारखं म्हटलं, "दोन औषधे एकत्र करण्याआधी विचारा. उरले म्हणून मारू नका."

"मग कुणाला इचारलंस?"

खिडकीशी संघपालच्या तोंडातून कसलासा आवाज निघाला. त्याला आता कुठं सगळा उलगडा झाला होता. करपलेली अर्धा एकर काकडी त्याच्या डोळ्यांपुढून गेली असणार. पण माणूस मोठ्या मनाचा. तो एवढंच म्हणाला, "भाई, पानं बघू तुमची. तपकिरी झाल्यात का?"

सबिना पदर तोंडावर धरून हसली आणि हसता हसता रडायला लागली.

आपा हसली नाही. ती संघपालकडं वळली. "अन् तुमी. ह्यो अर्धी भाकर खातोय म्हणं सहा म्हयनं. मग दर गुरुवारचा माजा डबा कुठं जात हुता?"

संघपालनं चप्पल नीट केली, खिडकीबाहेर बघितलं, आणि दुसरा काही मार्ग नाही म्हटल्यावर म्हणाला, "चिलापी लई भारी व्हती, आपा."

आता मात्र आपाला हसू आलं. हसल्यावर तिला धाप लागली. दाजींनी पुढं केलेली पाण्याची बाटली तिनं बघितली, एक घोट घेतला, झाकण लावलं. मग अल्ताफच्या पोटावर, जिथं तो टोचायचा तिथं, हात ठेवला.

"आरं, हे समदं मीच भरलंय," ती म्हणाली. "ह्ये चढवायला मला ईस वरसं लागली. तू दोन म्हयन्यांत उतरवतो म्हणतोस व्हय?"

"तारीख जवळ आली हुती, आपा."

"तारीख माजी का तुजी?"

अल्ताफनं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी मशीनवर अजून सहा म्हयनं बसीन. वरीसभर बसीन. मला काय हुतंय? दाजी हायत, गाडी हाय, हितल्या पोरी गोड बोलत्यात. तुजी किडनी मी घेणार. ऐकतोयस? न्हाय न्हाय म्हणत हुते ते सोडलं मी. पर ती डॉक्टर म्हणंल तवा, अन् म्हणंल तशी."

अल्ताफनं मान हलवली. त्याला वाटलं होतं की ही आता हात वर करणार, मला तुझं काही नको म्हणणार. ती तर मागून घेत होती. आयुष्यात पहिल्यांदा आपा त्याच्याकडं काहीतरी मागत होती, आणि ते तो देऊ शकेल की नाही, हे त्या खाटेवर कुणालाच माहीत नव्हतं.

पाच दिवसांनी क्रिएटिनिन दीडवर आलं. पंधरा दिवसांनी एक पॉइंट एक. महिनाभरानं पॉइंट नऊ. तो कागद अल्ताफनं लॅमिनेट करून घेतला.

मेमध्ये डॉक्टरीण बाईंनी राखाडी पेन पुन्हा सुरू केलं, तळाच्या डोसपासून. रिकामं निळं पेन सबिनानं आधीच दवाखान्यात नेऊन जमा केलं होतं. येताना ती दुकानात गेली, काउंटरवरची पाटी काढली आणि घरी फ्रिजच्या दारावर चिकटवली. दुकानासाठी अल्ताफला नवीन लिहावी लागली.

आता रविवारी सकाळी सहाला पळसदेवहून फोन यायचा.

"टोचलं का?"

"आता टोचतोय, आपा."

"रंग सांग."

"राखाडी."

"दुसरं काय हाय का फ्रिजात?"

"अंडी हायत."

"पाणी प्यालास?"

"प्यालो."

"माज्या वाट्याचं बी पी," आपा म्हणायची आणि फोन ठेवायची. डबा बंद झाला होता. गुरुवारी आता एक छोटी वाटी यायची, त्यात चिलापीचे दोन तुकडे. संघपालला त्याचं फार वाईट वाटलं.

राखाडी औषधाचा स्वभाव निराळा होता. निळ्यानं अल्ताफची भूक दाबून धरली होती. राखाडीनं, त्याच्या म्हणण्याप्रमाणं, तिची समजूत काढली. पूर्वी जेवून उठल्यावरसुद्धा पुढच्या जेवणाचा विचार डोक्यात रेडिओसारखा चालू असायचा. तो रेडिओ बंद झाला. पहिल्या आठवड्यात त्या शांततेत त्याला करमेना. मग तो त्या वेळात गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायला लागला आणि त्याला कळलं, की लोक बरंच काही सांगत असतात.

काटा सावकाश उतरत होता. कधी आठवड्याला अर्धा किलो, कधी नुसता पाव. जुलैत मळमळ वाढली, तेव्हा बाईंनी डोस महिनाभर तिथंच ठेवला. अल्ताफनं हूं की चूं केलं नाही. उलट बाईंचे आभार मानले. प्रियदर्शनीचे मानले. घरी येऊन सबिनाचे मानले. आभार मानायची त्याला सवयच लागली होती. भुसार दुकानदाराचे, टेंपोचे, एकदा तर काट्याचेही मानताना हॉटेलवाल्यानं त्याला पकडलं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सगळे जमले. संघपालनं आधी युरियाच्या दोन गोण्या काट्यावर टाकल्या. आकडा आला नव्वद पॉइंट दोन.

"दोनशे ग्राम बारदानाचं," संघपालनं जाहीर केलं आणि गोण्या उतरवल्या. "या, भाई."

अल्ताफ चपला काढून चढला. आकडे पळाले, थरथरले, थांबले. एकोणनव्वद पॉइंट सहा.

हॉटेलवाल्यानं शिट्टी मारली. गर्दीत कुणीतरी संघपाललाच उचलून काट्यावर उभा केला. मागच्या वर्षीपेक्षा तो नऊ किलोंनी वाढला होता. "चिलापी," तो म्हणाला आणि उतरला.

पुढचं सगळं पुण्याला झालं. तपासण्या, परवानगी देणाऱ्या समितीपुढची मुलाखत, इंजेक्शन आधी काही आठवडे बंद, मग ऑपरेशन. समितीतल्या बाईंनी अल्ताफला विचारलं, "तुमच्यावर कुणी दबाव टाकला आहे का?" अल्ताफ म्हणाला, "व्हय. जेवायला. लहानपणी." बाईंनी ते लिहून घेतलं की नाही, कुणास ठाऊक.

पाचव्या दिवशी अल्ताफ पोटाला हात धरून, पाय ओढत आपाच्या खोलीच्या काचेपाशी गेला. तोंडाला मास्क लावून त्याला पाच मिनिटं आत सोडलं. आपाच्या चेहऱ्यावरचा मातकट रंग गेला होता. उशाशी एक लिटरच्या तीन बाटल्या रांगेत उभ्या होत्या आणि ती त्यांच्याकडं वैतागून बघत होती.

"बघ रं," अल्ताफ खुर्चीत टेकायच्या आत ती म्हणाली. "दोन वरसं म्हणत हुते, घोटभर बी जास्त पिऊ नको. आता सकाळधरनं पी, पी, पी. तीन लिटर! ह्या पोरी हातात पेला घिऊन मागं लागत्यात. पोट हाय का टाकी?"

"पी की मग."

"पितेय की." तिनं पेला भरला आणि एका दमात, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. पेला खाली ठेवताना तिचा हात थांबला. तिनं परत भरला आणि अल्ताफपुढं धरला. एका किडनीवर आल्यापासून त्यालाही भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. त्यानं मास्क खाली केला, बाहेरची नर्स ओरडायच्या आत तो पेला संपवला.

"तुजी चालती बरं का," आपा पोटाकडं बोट करून म्हणाली. "लई कामसू हाय. तुज्यासारखी न्हाय."

"तुजंच खाऊन मोठी झालीया."

आपानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गळ्याचं हाड वर आलेलं, शर्ट खांद्यावरून उतरलेला, गालातली हवा गेलेली. तिच्या ओठांवर ते जुनं वाक्य आलेलं त्याला दिसलं. ते तिनं गिळलं.

"जेवलास का?"

"अर्धी वाटी खिचडी."

"पुरे," आपा म्हणाली आणि दुसऱ्या बाटलीचं झाकण उघडायला लागली.